ओंजळ कुणी फोडली?

१

काच फुटल्याचा आवाज आला तेव्हा सुनंदाबाई संग्रहालयाच्या कॅफेत, कॉफी कोमट का, यावरून वाद घालत होत्या.

वाद घालायला त्यांच्याकडे सकाळपासून भरपूर साठलं होतं. बेंगळुरूच्या एका टोकाच्या बेळ्ळंदूरहून दुसऱ्या टोकाच्या पीण्याला यायला अर्धी सकाळ रस्त्यात गेली. शेजारी त्यांचा मुलगा तनय एका हातानं गाडी चालवत होता आणि दुसऱ्या हातानं ऑफिसचे मेसेज वाचत होता. तिकिटं सुनेनं, म्हणजे श्वेतानं, हौसेनं काढली आणि ऐन वेळी स्वतः कामात अडकली. नागपूरच्या कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलेल्या सासूबाईंना काचेची शिल्पं आवडतील, असा तिचा कयास. तो चुकीचा नव्हता. पण गुडघा ठणकत होता, आणि तनय ‘एक कॉल घेऊन येतो’ म्हणून पार्किंगकडे गेला तो गेलाच.

आवाज आधी टण् असा एकच आला. मग खळकन सगळं ओतल्यासारखा.

सुनंदाबाई कप तसाच ठेवून मोठ्या दालनात गेल्या. मधोमध कमरेइतक्या दगडी चौथऱ्यावर ‘ओंजळ’ उभी होती, म्हणजे थोड्या वेळापूर्वीपर्यंत होती. भरीव काचेचे दोन जोडलेले हात. मनगटं मांडीएवढी जाड, बोटांची टोकं पातळ. या संग्रहालयाचं तिकीट लोक तिच्यासाठीच काढत. आता चौथऱ्यावर मनगटांचा खुंट तेवढा शिल्लक होता आणि बाकीची काच चारी बाजूंना पसरली होती. भिंतीपाशी निळा कुर्ता घातलेली पवित्रा तोंडावर हात ठेवून उभी होती. ती या दालनावर लक्ष ठेवण्याच्या कामाला होती.

मागून देवव्रत आले. हे संग्रहालयाचे मालक. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घराणं, पीण्यात पंपाचे सुटे भाग बनवायचा कारखाना. वडिलांची जुनी शेड रिकामी करून त्यांनी हे संग्रहालय उभं केलं होतं. काचेकडे बघून त्यांचा चेहरा पडला. मग पवित्राकडे बघून तो लाल झाला.

“काय केलीस हे?”

“सर, मी हातबी लावला नाही. मी खुर्चीवर बसलेली. देवाशप्पथ.”

“हात न लावता काच फुटती काय? केबिनमध्ये दारावरचा कॅमेरा समोरच असतो, त्यात कोण आत गेल्यालं दिसलं नाही. आत तू एकटी. आज म्युझियम बंद व्हायच्या आत लिहून द्यायचं, माझ्या हातनं फुटलं म्हणून. नाहीतर पोलीस बोलावतो.”

मुलगी रडायला लागली. सुनंदाबाईंचा गुडघा बघून याच मुलीनं मघाशी न सांगता स्टूल आणून दिलं होतं. आणि न केलेल्या गोष्टीवर सही करायला लावलेली पोरं त्यांनी परीक्षा-विभागात पुष्कळ पाहिली होती. तेव्हाही त्यांचं डोकं असंच तापायचं.

“अहो, पण विचारा तरी आधी काय झालं ते!”

“अक्का, तुम्ही व्हिजिटर. स्वल्प बाजूला थांबा.”

सुनंदाबाईंना बाजूला थांबा म्हणून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

२

“मला पाचेक मिनिटं हे बघू द्या,” त्या म्हणाल्या, आणि परवानगीची वाट न बघता गुडघा धरत चौथऱ्याशी वाकल्या.

खुंट दगडाला पक्का चिकटवलेला होता. तसूभर हलला नव्हता.

“ढकलली असती तर सगळी काच एका अंगाला पडली असती. ही चारी दिशांना गेली आहे.”

“मग कशानं तरी हाणली असंल.”

“हाणलं की मार बसतो तिथं खूण राहते. दाखवा मला खूण.”

देवव्रत वाकले नाहीत. सुनंदाबाईंनी मोठे तुकडे पालथे घालून बघितले. बाहेरचा पृष्ठभाग जिथं जिथं शिल्लक होता तिथं तो नितळ होता. यानं पवित्राचं काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांनाही कळत होतं. खूण पडलेला तुकडा चुरा झाला असेल, असं कुणीही म्हणालं असतं. आणि देवव्रत लगेच तसं म्हणालेच.

पवित्राला त्यांनी कोपऱ्यात नेलं. ती निपाणीकडची. संग्रहालयाच्या मागं काच ओतायची कार्यशाळा होती, तिथले सुपरवायझर दयानंद हे तिचे सख्खे मामा. त्यांच्याच शब्दावर ही नोकरी, त्यांच्याच घरी राहणं.

“मामा काय म्हणतात?”

“काय नाही बोलले, मावशी. ऐकलं आणि माघारी शेडमध्ये गेले.” तिनं ओढणीनं नाक पुसलं. “असलं लिहून दिलं तर पुढं कोण उभं करंल मला? गावात तर सगळे म्हणतील, मोठ्या माणसाचं एवढं नुकसान करून आली.”

तेवढ्यात मालकाच्या केबिनमधून एक शेंडी बांधलेला तरुण धावत आला आणि काचेपाशी मटकन बसला. हा चंदन, ओंजळीचा शिल्पकार, पुण्याचा. सकाळी केबिनमध्ये त्याचा आणि देवव्रतांचा जो आवाज चढला होता तो कॅफेपर्यंत ऐकू आला होता. चंदनला ओंजळ दिल्लीच्या प्रदर्शनात न्यायची होती. देवव्रत सोडायला तयार नव्हते.

“तुमच्या कामात काही कच्चं राहिलं असेल का?” सुनंदाबाईंनी सरळ विचारलं.

“काकू, प्लीज! तो बोर्ड वाचा.”

भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं होतं: गणेशोत्सवात ओतलेली ही काच दिवाळीपर्यंत आमच्या एकमेव मोठ्या भट्टीत अखंड, अतिशय हळू थंड केली गेली.

“जाड काच घाईनं थंड केली की गेली. म्हणून मी सगळा प्रोग्रॅम सेट करून गेलो. दसऱ्याला मी इथं नव्हतो, आईचं ऑपरेशन होतं पुण्यात. पण परत आलो तेव्हा भट्टी बरोबर चालू होती. माझ्याकडून काही चुकलेलं नाही.”

प्रत्येक जण स्वतःकडून काही चुकलेलं नाही एवढंच सांगत होता. सुनंदाबाईंना वैताग आला. आणि या सगळ्यात आपले चिरंजीव कुठं उलथले आहेत, हेही त्यांना बघायचं होतं.

३

पार्किंगकडे जाणाऱ्या बोळात जुने-नवे फोटो टांगले होते. धोतर नेसलेले देवव्रतांचे वडील पहिल्या लेथपाशी उभे. मग रंगीत फोटो, यंदाच्या आयुधपूजेचा. दारात फोडलेला कोहळा, नवे कपडे घातलेले कामगार, पुढं रेशमी उपरण्यात आरती घेतलेले देवव्रत आणि मागं झेंडूच्या माळांनी मढवलेली मोठी भट्टी. भट्टीच्या आकड्यांच्या काळ्या पाटीवरसुद्धा हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती. आपल्याकडे दसऱ्याला पाटी-पुस्तक पुजतात, इथं लोखंड पुजतात, एवढंच सुनंदाबाईंच्या मनात आलं. त्या लंगडत पुढं गेल्या.

तनय गाडीत नव्हता. गाडीमागच्या बाकावर, हातात बंद फोन घेऊन बसला होता. ऑफिसचा फोन हातात असून त्यात डोकं न घातलेला तनय त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता.

“अरे, काय करून राहिला इथं? आत केवढा गोंधळ झाला!”

“ऐकलं मी. आपण निघू या का, आई? ट्रॅफिक वाढेल.”

“ते रडतंय पोरगं आत आणि तुला ट्रॅफिक सुचून राहिलं! पाणी दे आधी.”

त्यानं द्यायच्या आत त्यांनीच त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेतून बाटली ओढली. बाटलीबरोबर त्या खिशातून काहीतरी चमकतं खाली सांडलं. त्यांनी बोटानं उचलून उन्हात धरलं.

काचेच्या कपऱ्या होत्या. आणि दालनात बॅग न्यायला बंदी होती.

४

“तू फोडली?”

“आई!”

“हो की नाही?”

“नाही! बाजूच्या दारानं आत गेलो होतो. बाहेर रेंज येत नव्हती आणि आत वायफाय होतं. खिडकीपाशी उभा होतो, चांगला लांब. ती मुलगी पलीकडं पाठमोरी खुर्चीत बसली होती. कुणीच जवळ नव्हतं, आई. एकदम टण् झालं आणि ते हात उघडले. खरंच सांगतो, आतून उघडल्यासारखे. तुकडे माझ्यापर्यंत उडाले. मी घाबरून बाहेर आलो.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“ऑफिसात ताप आहे म्हणून सांगितलंय. पोलीस-बिलीस आले, नाव कुठं छापून आलं तर?” तो खाली बघत म्हणाला. “मला वाटलं, त्या मुलीला थोडं रागावतील आणि सोडून देतील.”

सुनंदाबाईंना इतका राग आला की त्यांना शब्दच सुचेना, आणि हे त्यांच्या बाबतीत फार क्वचित व्हायचं. हा आपला मुलगा, आपण वाढवलेला. एका वाक्यात त्या पोरीची सुटका करू शकणारा हा मनुष्य बाकावर बसून ट्रॅफिकची काळजी करत होता. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला तसाच आत नेला.

त्याचा उपयोग काय झाला? उलटाच झाला. तनयनं सगळं सांगितलं, आणि देवव्रतांनी एकदा त्याच्याकडे, एकदा पवित्राकडे बघितलं.

“म्हंजे दोघं होते आत. बॅग घेऊन हा चोरून आत आला, बॅगेचा धक्का लागला, आणि ही त्याला झाकत्ये. सरी, ठीक आहे. दोघांकडनं लिहून घेतो.”

“मी यांना ओळखतसुद्धा नाही!” पवित्रा ओरडली.

“आणि अक्का, आता कळलं तुम्ही का मधी पडत होता ते.”

खरं सांगून प्रकरण आणखी चिघळलं होतं. खुंट न हलता बॅगेच्या धक्क्यानं भरीव काच फुटेल कशी, हे ऐकून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. सुनंदाबाई पवित्रानं आणलेल्या त्याच स्टुलावर जाऊन बसल्या. छपराच्या काचेतून ऊन चौथऱ्यावर येत होतं, म्हणून त्यांनी गॉगल लावला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर श्वेतानं आणून दिलेला, उन्हाची तिरीप अडवणारा महागडा गॉगल. तो लावला की तनयच्या लॅपटॉपचा पडदा मान वाकडी केल्यावर काळा दिसायचा आणि त्या दर वेळी चिडायच्या.

तनयनं बाजूला उघडून ठेवलेल्या लॅपटॉपकडे त्यांची नजर गेली. त्यांनी मान वाकडी केली. पडदा काळा झाला. त्या तशाच, मान वाकडी ठेवून, थोडा वेळ बसून राहिल्या.

“तनय,” त्या हळूच म्हणाल्या, “त्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघड.”

५

प्रयोग साधा होता. इतक्या वर्षांत तो त्यांनी प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन कितीतरी वर्गांना दाखवला होता. आज तो आधी सुचला नाही याचाच त्यांना राग आला.

लॅपटॉप उभा ठेवला. पडदा पूर्ण काळा दिसेल इतका गॉगल फिरवला आणि तो देवव्रतांच्या हातात दिला. मग संग्रहालयाच्या दुकानातला, चंदननंच बनवलेला एक काचेचा गोळा पडद्यापुढं धरला.

“काय दिसतं?”

“काय नाही. काळंच.”

“ही धड काच. आता हा ओंजळीचा तुकडा बघा.”

देवव्रत पुढं वाकले. चंदननं त्यांच्या हातून गॉगल ओढून घेतला. त्या काळोखात मनगटाचा तुकडा पेटल्यासारखा उजळला होता आणि त्यात तांबडे, निळे, पिवळे पट्टे एकात एक वळले होते.

“हा काचेतला ताण आहे. असा ताण असला तरच काचेतून आलेला उजेड या गॉगलला अडवता येत नाही,” सुनंदाबाई म्हणाल्या. “जाड काच बाहेरून चटकन थंड झाली आणि आत गरम राहिली की हा ताण आत कोंडून बसतो. वरून काहीच कळत नाही. मग एखाद्या दिवशी निमित्त होतं. आज थंड सकाळनंतर वरून ऊन पडलं, तेवढं पुरलं. म्हणून ती आतून फुटली, म्हणून चारी बाजूंना गेली, म्हणून तुकडे खिडकीपर्यंत उडाले. या पोरीनं हात लावला नाही आणि माझ्या शहाण्यानंही नाही.”

चंदनचा चेहरा पांढरा पडला होता. “पण हे शक्यच नाही. भट्टी अखंड चालू होती.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“दयानंद अण्णांनी.”

दयानंदांना बोलावणं गेलं. कपाळावर भस्माचे पट्टे असलेला, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस येऊन दाराशीच उभा राहिला. मागं कार्यशाळेतले कामगार जमले.

“दयानंद, मधल्या काळात भट्टी बंद झाली होती का?” सुनंदाबाईंनी विचारलं.

दयानंदांनी आधी देवव्रतांकडे बघितलं. मग जमिनीकडे.

“नाही, बाई. चालूच होती.”

पवित्रा मामाकडे बघत होती. मामा तिच्याकडे बघत नव्हते. सुनंदाबाईंना ते दिसलं आणि त्यांचा जीव चिडीनं अगदी विटला. उत्तर इथं, याच माणसाच्या ओठांवर होतं, आणि ते बाहेर काढायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

“झालं?” देवव्रत म्हणाले. “रंग दाखवून भट्टी बंद होती असं शाबित होत नाही, अक्का.”

बरोबर होतं. रंगांवरून काच कधी आणि कुणामुळं बिघडली ते कळणार नव्हतं. काच गणेशोत्सव ते दिवाळी भट्टीत होती. त्या मधल्या काळात काय आलं?

सुनंदाबाई उठल्या, बोळात गेल्या आणि भिंतीवरची एक तसबीर काढून घेऊन आल्या.

६

“ही यंदाची आयुधपूजा ना? आणि ही तुमची एकमेव मोठी भट्टी.”

“हो.”

“गणपती आणि दिवाळीच्या मध्ये दसरा येतो. म्हणजे हा फोटो काढला तेव्हा ओंजळ हिच्या पोटात होती. हे बघा, तापमानाच्या आकड्यांची पाटी. भट्टी चालू असती तर इथं आकडे दिसले असते. पाटी काळी आहे.”

देवव्रतांनी फोटो हातात घेतला. मग म्हणाले, “पाटीचा दिवा गेला असंल. भट्टी चालूच होती.”

“अच्छा. म्हणजे तुम्ही चालू यंत्राला हार घातला?”

देवव्रतांनी अंगठ्यानं फोटोची काच पुसली.

“मी नागपूरची. मला तुमच्याकडची रीत माहीत नाही. म्हणून विचारते.” सुनंदाबाई दारातल्या कामगारांकडे वळल्या. “त्या दिवशी पीण्यात यंत्रं चालू ठेवून पूजा करतात का हो?”

कामगारांत चुळबुळ झाली. कुणीतरी मागून म्हणालं, “नाही, अक्का. खटका पाडून यंत्र बंद करायचं, पुसायचं, मग हळदकुंकू. त्या दिवशी यंत्राला विश्रांती. मालकानं स्वतःच्या हातानं खटका पाडायचा असतो. मोठ्या साहेबांपासनं असंच आहे.”

“मग देवव्रतसाहेब, एकच सांगा. सगळ्यांसमोर आरती घेतली, कोहळा फोडला, आणि खटका पाडल्याचं नुसतं सोंग केलं? वडिलांची रीत यंदा खोटी केली? तसं असेल तर भट्टी चालू होती, मी हात जोडून घरी जाते आणि ही मुलगी तुम्हाला हवं ते लिहून देईल.”

देवव्रत फोटोकडे बघत होते. त्यांना फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं. दारातल्या सगळ्या माणसांनी त्या दिवशी त्यांच्या हातचा प्रसाद खाल्ला होता.

“पूजा खोटी नव्हती,” ते शेवटी म्हणाले.

मग ते चौथऱ्याच्या कडेला टेकले. “खटका मीच पाडला. दयानंद म्हणालेला, साहेब, आत काच आहे, एवढी एक भट्टी राहू द्या. मी म्हटलं, एक दिवसानं काय होतंय? दुसऱ्या दिवशी परत चालू केली. दिवाळीत काच बाहेर आली तर चांगली धड होती. मला वाटलं, देवानं सांभाळली.”

“मला सांगायचं ना!” चंदन ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “पुन्हा तापवून, पुन्हा हळू थंड करून वाचवता आली असती ती. एक फोन! फक्त एक फोन करायचा होता कुणीतरी!”

आज सकाळी काच फुटल्यावर देवव्रतांना खरं कारण कळलं होतं की नाही, हे सुनंदाबाईंना शेवटपर्यंत समजलं नाही. कदाचित त्यांनी ते स्वतःला कळू दिलं नव्हतं. समोर एक गरीब पोर असताना ते सोपंही होतं.

“माफी मागा तिची,” सुनंदाबाई म्हणाल्या. “ओरडलात सगळ्यांसमोर. माफीही सगळ्यांसमोर.”

“सरी, अक्का.” देवव्रत उठले. “चुकलं, पवित्रा. उद्यापासून नेहमीसारखी ये.” ते पवित्राशी बोलत होते, पण बघत होते फुटलेल्या काचेकडे. मग ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

बस्स, एवढंच. सुनंदाबाईंना वाटलं होतं, खरं बाहेर आलं की बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. तनय झाडू घेऊन काच गोळा करू लागला होता, न सांगता. त्याचं कौतुक करावं असंही त्यांच्या मनात आलं नाही.

कामगार पांगले. दयानंद मात्र दाराशी तसेच उभे होते. थोड्या वेळानं ते पुढं आले आणि पवित्राची पिशवी उचलायला वाकले.

“चल पोरी. घरी सोडतो.”

पवित्रानं पिशवी आधी उचलली.

“मामा, तुम्हाला सकाळीच ठाऊक होतं?”

दयानंदांनी कपाळाचं भस्म पुसल्यासारखं केलं. “साहेबांचं मीठ खाल्लंय, पोरी. इतक्या वर्षांचं. मला वाटलं, चार दिवसांनी त्यांचा राग उतरला की मी सांगीन त्यांना.”

“मघाशी बाईंनी तुमाला विचारलं तवा मी समोर होते.”

दयानंदांनी रिकामा हात मागं घेतला. पवित्रा रडत नव्हती. सकाळपासून पहिल्यांदाच ती रडत नव्हती.

“आईला तुम्हीच फोन करा, मामा,” ती म्हणाली. “मी सांगितलं तर ती म्हणंल, माझा भाऊ असा नाही. तू खोटं बोलत्येस.”